सांधेदुखीच्या गोळ्या आणि आतड्यातले पॉलिप: गोळ्यांनी होतात की गोळ्यांनी टळतात?

माटोळी | ३ जुलै, रात्री ९.१०

मंडळी, आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडलेत, म्हणून इथे विचारते.

सासूबाईंचं वय ६६, राहणं फोंडा तालुक्यात. गुडघे बरीच वर्षं दुखतात. नाक्यावरच्या फार्मसीतून एसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आणायची, सकाळी एक आणि काम जास्त असेल तर रात्री आणखी एक. चवथीच्या आधी नेवऱ्यांची बैठक असली की दोन ठरलेल्याच. डॉक्टरला दाखवायचं म्हटलं की "तो पण हीच गुळी देतलो" हे उत्तर.

मे महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली. तपासणीत हिमोग्लोबिन ८.४ निघालं. आतड्यातून रक्त जातंय का बघू म्हणून कोलोनोस्कोपी (खालून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) केली, तर ७ मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, सापडला. तो तिथेच काढला. रिपोर्टमध्ये 'ट्यूब्युलर अ‍ॅडेनोमा, लो ग्रेड डिसप्लेझिया' असं आहे. कर्करोग नाही, पाच वर्षांनी परत बघू, असं डॉक्टर म्हणाले.

आता दिरांचं म्हणणं, इतकी वर्षं गोळ्या गिळल्या म्हणूनच आतड्यात गाठ झाली. माझा मावसभाऊ औषधांच्या धंद्यात आहे. तो म्हणतो उलटं आहे, या गोळ्यांनी पॉलिप कमी होतात, त्यावर मोठमोठे अभ्यास झालेत. सासूबाईंनी हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि काल मला म्हणाल्या, "बघ, गोळ्या नसत्या तर एकाच्या जागी दहा निघाले असते. स्ट्रिप आणून ठेव."

खरं काय आहे?

काजूबोंडू | ३ जुलै, रात्री ९.२६

सासूबाईंना माझा दंडवत. सुप्रीम कोर्टात वकील शोभतील.

रेवोडकर | ३ जुलै, रात्री ९.४१

दिरांचं बरोबर वाटतं. इंग्रजी औषध म्हणजे एक बरं करायचं आणि दोन बिघडवायची. आमच्या आजीने आयुष्यभर निर्गुडीचा पाला शेकला, नव्वदी गाठली.

फार्मसीवालो | ३ जुलै, रात्री १०.३५

रेवोडकर, निर्गुडीशी माझं भांडण नाही. पण या प्रश्नात मावसभाऊ बरोबर आहे. निदान अर्धा.

आधी एक. पॅरासिटामॉल या गटातलं नाही, ते दुखणं आणि ताप उतरवतं, सूज नाही. सूज उतरवणारी ती डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन आणि आपली जुनी अ‍ॅस्पिरिन. ही सगळी शरीरातल्या कॉक्स नावाच्या विकराला अडवतात. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणणारं रसायन कमी तयार होतं आणि सूज उतरते. अ‍ॅस्पिरिन नेमकं काय करते हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हेच प्रोस्टाग्लँडिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना वाढायला उत्तेजन देतं आणि मरायच्या पेशीला मरू देत नाही. पॉलिपमध्ये त्या विकराचा कॉक्स-२ हा प्रकार बऱ्याचदा वाढलेला सापडतो. म्हणजे गोळीने गाठ होण्यापेक्षा गोळीने गाठ अडण्याला शास्त्रात आधार आहे.

मेलबर्नमध्ये गेब्रिएल क्यून आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास करत होते. १९८८ मध्ये त्यांनी मांडलं की अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हा कर्करोग कमी दिसतो. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीतूनही तेच निघालं. पण ही झाली निरीक्षणं. अ‍ॅस्पिरिन घेणारा माणूस बाकी तब्येतही जपत असेल, कोण जाणे. म्हणून मग चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग झाले. ते उद्या लिहितो, दुकान बंद करायचं आहे.

काजूबोंडू | ३ जुलै, रात्री १०.३९

मालिका संपली, उर्वरित भाग उद्या याच वेळी.

घुमट | ४ जुलै, सकाळी ७.०५

वाचतोय. माझी कोलोनोस्कोपी पुढच्या आठवड्यात आहे. आदल्या दिवशी ते पाणी प्यायचं असतं ना, कसं लागतं? कोणी खरं सांगेल का?

दर्यावर्दी | ४ जुलै, सकाळी ८.१५

घुमटबाब, मी सांगतो. लिंबू सरबतात कोणी समुद्राचं पाणी आणि साबण मिसळला तर जसं लागेल तसं. गार करून पी, नाक धरून पी. आणि पहिला ग्लास झाल्यावर संडासापासून दहा पावलांच्या पलीकडे जाऊ नको. मी धीटपणे गेटपर्यंत पोस्टमनशी बोलायला गेलो होतो. पुढचं विचारू नको.

तपासणी मात्र काहीच नाही. झोपेचं इंजेक्शन देतात, उठतो तेव्हा संपलेलं असतं.

पेडणेकरीण | ४ जुलै, सकाळी ९.३०

दर्यावर्दी 😂

घुमट, दोन दिवस आधीपासून भाजीपाला, बिया, उकड्या तांदळाचा जाडा भात बंद कर. पातळ पेज चालते, पण शितं गाळून. आमच्या ह्यांनी लोणच्यातली मिरची चोखली आणि तिचं बी डॉक्टरांना स्क्रीनवर दिसलं. डॉक्टरांनी तसं बोलूनही दाखवलं.

फार्मसीवालो | ४ जुलै, रात्री १०.२०

हं, आता पुढचं.

२००३ मध्ये दोन प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध झाले. पहिल्यात ज्यांचे पॉलिप आधी काढलेले होते असे ११२१ लोक. एका गटाला नुसती पिठाची गोळी, दुसऱ्याला ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, तिसऱ्याला ३२५. नंतरच्या कोलोनोस्कोपीत पिठाच्या गोळीवाल्यांपैकी ४७ टक्क्यांना पुन्हा पॉलिप, ८१ वाल्यांत ३८ टक्के, ३२५ वाल्यांत ४५ टक्के. मोठ्या मात्रेचा उपयोग छोट्या मात्रेपेक्षा कमी! डोकं खाजवायला लावणारा निकाल. दुसरा प्रयोग आतड्याचा कर्करोग होऊन गेलेल्यांवर. त्यात ३२५ ने २७ चे १७ टक्के झाले.

सेलेकॉक्सिब, म्हणजे याच गटातलं पण मुख्यतः कॉक्स-२ अडवणारं औषध, त्याचे आकडे आणखी चांगले होते. तीन वर्षांत १०० पैकी ६० जणांना पॉलिप होत होते तिथे छोट्या मात्रेने ४३, मोठ्या मात्रेने ३७ किंवा ३८. इतका फरक असा सहज दिसत नाही.

आता माझा मावसभावाला प्रश्न: मग कोणताही डॉक्टर हे सगळ्यांना का देत नाही?

अंत्रुजी | ४ जुलै, रात्री १०.४८

कारण पेटंट संपलेल्या औषधात पैसा नाही. सरळ आहे.

सूक्ष्मदर्शी | ४ जुलै, रात्री ११.३०

अंत्रुजी, सेलेकॉक्सिबचा प्रयोग झाला तेव्हा त्याचं पेटंट जिवंत होतं आणि कंपनीला ते विकायचंच होतं. कारण दुसरं आहे.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात शिकले. आयुष्यभर असे पॉलिप काचेखाली बघितले, म्हणून थोडं लांबण लावते.

रोफेकॉक्सिब आठवतं का? व्हायोक्स. सेलेकॉक्सिबच्याच जातीचं, गुडघेदुखीवर जगभर खपलेलं. ते हृदयाला धोक्याचं आहे अशी शंका आधीपासून होती, पण ते ठामपणे कुठे दिसलं माहीत आहे? पॉलिपच्या प्रयोगात. २५०० च्या वर लोकांपैकी साधारण निम्म्यांना तीन वर्षं द्यायचं होतं, पॉलिप टळतात का ते बघायला. दीड वर्षानंतर औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त दिसायला लागले. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने औषध जगभरातून मागे घेतलं. भारतातही त्यावर बंदी आली. लगेच सेलेकॉक्सिबच्या प्रयोगाचे हिशेब तपासले. तिथे झटका, पक्षाघात, हृदय निकामी होणं किंवा हृदयविकाराने मृत्यू हे सगळं धरून पिठाच्या गोळीवर १ टक्का लोक, छोट्या मात्रेवर २.३ आणि मोठ्या मात्रेवर ३.४.

म्हणजे पॉलिप टळतो हे खोटं नाही. पण पॉलिप आम्ही दुर्बिणीतून तारेच्या फासाने काढू शकतो. लहान अ‍ॅडेनोमाचा, म्हणजे सासूबाईंना निघाला तशा पॉलिपचा, कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात, आणि बहुतेक अ‍ॅडेनोमांचा तो कधीच होत नाही. एवढ्यासाठी हृदय पणाला लावायचं का, असा तो व्यवहार आहे.

दर्यावर्दी | ५ जुलै, सकाळी ६.५०

ताई, हे असं कोणी सांगत का नाही? फॉरवर्डमध्ये फक्त 'पॉलिप ४० टक्क्यांनी कमी' एवढंच येतं.

रेवोडकर | ५ जुलै, सकाळी ८.०२

मी काय म्हणत होतो? एक बरं, दोन बिघडलेली. :-)

सत्तरीचो | ५ जुलै, सकाळी ९.१८

डायक्लोफेनॅकचं नाव निघालं म्हणून अवांतर. सत्तरीत आमच्या लहानपणी ढोर मेलं की गिधाडं उतरायची. ती गेली कुठे, तर या गोळीच्या पोटात. जनावरांना सूज उतरवायला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायचे, ते ढोर मेलं की गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं बंद पडून मरायची. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग लोक माणसांच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचायला लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपीही ३ मिलिलिटरपुरती केली.

काजूबोंडू | ५ जुलै, सकाळी ९.२५

गुडघ्यापासून गिधाडापर्यंत. धागा शतक मारणार.

फार्मसीवालो | ५ जुलै, सकाळी १०.००

सत्तरीचो, अवांतर कसलं? माणसाच्या मूत्रपिंडालाही हीच गोळी त्रास देते, गिधाडाइतक्या झटपट नाही इतकंच. माझ्या गिऱ्हाइकांत रक्तदाबाची गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी आणि वर ही सूज उतरवणारी, असं तिन्ही एकत्र घेणारी कितीतरी माणसं आहेत. हे त्रिकूट मूत्रपिंडाला फार वाईट. मी विचारतो तेव्हा चिडतात. "तुका गुळी विकूंक जाय काय ना?" म्हणतात आणि पुढच्या दुकानात जातात.

खाजनकाठ | ५ जुलै, दुपारी १.४०

एक वेगळी बाजू. माझ्या माहेरी चुलत घराण्यात तो आनुवंशिक आजार आहे, ज्यात आतड्यात शेकड्यांनी पॉलिप होतात. काकांचं मोठं आतडं तिशीतच काढलं. त्यांच्या मुलाचा पंधराव्या वर्षापासून दरवर्षी तपास. आमच्यासारख्यांना "पॉलिप काय, दुर्बिणीतून काढता येतो" हे वाक्य लागू होत नाही, कारण काढणार किती? तेव्हा या गोळ्यांची सगळीच हेटाळणी करू नका.

सूक्ष्मदर्शी | ५ जुलै, दुपारी ३.१५

खाजनकाठ, तुमचं अगदी रास्त आहे. मी सरसकट बोलले ते सर्वसाधारण माणसाबद्दल होतं.

तुम्ही सांगता त्या आजारात, म्हणजे एपीसी जनुकाच्या दोषात, सुलिंडॅक नावाच्या याच गटातल्या औषधाने पॉलिप आक्रसतात हे १९८०च्या दशकात लक्षात आलं आणि १९९३ मध्ये २२ रुग्णांवरच्या प्रयोगाने ते पक्कं झालं. पण पॉलिप पूर्ण गेले नाहीत आणि औषध थांबवल्यावर परत वाढले. म्हणून शस्त्रक्रिया टळत नाही. तपासणीचं अंतर आणि शस्त्रक्रियेची वेळ यांत काय बसवायचं ते त्यातल्या तज्ज्ञानेच ठरवायचं.

दुसरा आनुवंशिक प्रकार म्हणजे लिंच सिंड्रोम. त्यात ८६१ जणांच्या प्रयोगात रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन निदान दोन वर्षं घेणाऱ्यांत पुढच्या वर्षांत आतड्याचा कर्करोग कमी झाला. ब्रिटनमध्ये २०२० पासून लिंचवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा विचार करा असं अधिकृत मार्गदर्शन आहे. जोखीम मोठी असेल तर गोळीचा हिशेब बदलतो.

साध्या माणसाचं उलट झालं. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा समितीने २०१६ मध्ये पन्नाशीतल्या, हृदयाची जोखीम जास्त असलेल्या लोकांना अ‍ॅस्पिरिन सुचवताना आतड्याच्या कर्करोगाचाही फायदा मोजला होता. २०२२ मध्ये तो आधार पुरेसा नाही म्हणून त्यांनी तो काढून घेतला. मधल्या काळात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९ हजार वृद्धांचा प्रयोग आला होता. रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने धडधाकट आयुष्य वाढलं नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

खाजनकाठ | ५ जुलै, दुपारी ३.४०

देव बरें करूं, ताई. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

अंत्रुजी | ५ जुलै, रात्री ८.३०

सगळं मान्य. पण खरा प्रश्न खाण्याचा आहे. आमच्याकडे रविवारी चौरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि पाव, सोमवारी मटण, बुधवारी परत चौरीस. लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस, दारू, तंबाखू हे आधी बघा.

काजूबोंडू | ५ जुलै, रात्री ८.३४

चौरीसला हात लावायचा नाही हां. भावना दुखावतात.

पेडणेकरीण | ५ जुलै, रात्री ८.५०

आमच्या माटोळीताईंच्या सासूबाई शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतील तर? नेवऱ्यांवर खटला भरणार का?

कुळागर | ५ जुलै, रात्री ११.१०

मूळ प्रश्नाकडे येतो. इतके प्रतिसाद झाले, पण एक गोष्ट कोणीच विचारली नाही.

माटोळीताई, कोलोनोस्कोपी हिमोग्लोबिन कमी झालं म्हणून केली होती ना? ७ मिलिमीटरचा पॉलिप इतकं रक्त सहसा घालवत नाही. मी डॉक्टर नाही. पण वडिलांचं असंच झालं होतं, त्यांनाही कमरेसाठी वर्षानुवर्षं याच गोळ्या. त्यांच्या जठरात व्रण होते आणि तिथून थेंब थेंब रक्त जात होतं. पोटात दुखलं नाही की जळजळलं नाही. वेदना मारणारी गोळीच पोटात असल्यावर व्रणाची वेदना तरी कशी कळणार? पॉलिप सापडला की सगळ्यांना वाटतं चोर सापडला.

वरून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घातली होती का? शौचाचा रंग डांबरासारखा काळा होता का? लोहाच्या गोळ्यांनीही काळा होतो, ते धरून विचारा.

सूक्ष्मदर्शी | ६ जुलै, सकाळी ६.३०

कुळागर, पूर्ण अनुमोदन. हे मीच पहिल्या प्रतिसादात विचारायला हवं होतं. या गोळ्यांचा घाव जठरात आणि लहान आतड्यातही होतो, आणि कोलोनोस्कोपीत जठर दिसत नाही. माटोळी, ६६ वर्षं, रोजची गोळी आणि ८.४ हिमोग्लोबिन: एवढ्यावरच डॉक्टरांकडे परत जा. त्यांना गोळ्या किती आणि किती वर्षं, हे मोकळेपणी सांगा. आणि तोवर स्ट्रिप आणू नका.

माटोळी | ६ जुलै, सकाळी ८.५५

वरून दुर्बीण घातली नव्हती. आणि डॉक्टरांना गोळ्यांबद्दल सासूबाईंनी "कधी कधी घेतां" असं सांगितलं होतं. मी बाहेर बाकावर बसले होते. आज वेळ घेते.

काजूबोंडू | ६ जुलै, सकाळी ९.१०

'कधी कधी' म्हणजे रोज. आमच्या आईचंही व्याकरण हेच.

घुमट | ११ जुलै, संध्याकाळी ६.२०

माझी झाली. काही सापडलं नाही. दर्यावर्दी, समुद्राचं पाणी आणि साबण ही उपमा खूपच सौम्य होती.

एक शंका: मला स्टेंट आहे, रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चालू. हा धागा वाचून वाटलं की रक्तस्रावाचा धोका आहे तर बंद करावी का?

सूक्ष्मदर्शी | ११ जुलै, संध्याकाळी ७.००

नाही, नाही, नाही. स्टेंटवाल्याने अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. निरोगी माणसाने पॉलिप टाळायला घ्यावी का, हा इथला वाद होता. तुमची गोळी स्टेंट बंद पडू नये म्हणून आहे, तो पूर्ण वेगळा हिशेब. पोटासाठी संरक्षक गोळी हवी का, एवढंच हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

माटोळी | १९ जुलै, रात्री ९.४५

कळवायचं राहून गेलं होतं. दुर्बीण झाली. जठराच्या खालच्या भागात दोन व्रण, एकावर ताजी खूण. तुकडा तपासला, कर्करोग नाही. जठरात व्रण करणारा पायलोरी जंतूही निघाला, त्याचा अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे. आम्लपित्ताची गोळी काही आठवडे आणि लोह. सूज उतरवणारी गोळी पूर्ण बंद. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणीही केली, ती ठीक आहे.

डॉक्टरांना दिरांचा प्रश्न विचारला. म्हणाले, पॉलिप या गोळ्यांनी झालेला नाही, वयाबरोबर होतात, आणि गोळ्यांनी तुमचे बाकीचे पॉलिप टळले असतील तरी त्याची किंमत तुम्ही पोटाने दिलीय. सासूबाईंनी लगेच विचारलं, "मग गुडघ्यांचं काय?"

सध्या पॅरासिटामॉल, तेही मोजून. गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं जेल लावायला सांगितलंय, ते कातडीतून जातं म्हणून रक्तात फार थोडं पोचतं. आणि फिजिओथेरपी: मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि धरून ठेवायचा. त्या टीव्हीसमोर करतात, पण मालिका लागली की पाय वरच राहतो.

पेडणेकरीण | १९ जुलै, रात्री १०.०५

वा! नेवऱ्या यंदा टेबलावर बसून करायच्या, जमिनीवर नाही. आमच्याकडे दोन वर्षांपासून तसंच चालू आहे, चव तीच लागते.

रेवोडकर | १९ जुलै, रात्री १०.३१

निर्गुडीचा शेक घ्यायला हरकत नाही ना आता?

फार्मसीवालो | १९ जुलै, रात्री १०.४०

शेका हो, खुशाल शेका. फक्त जेल लावलेल्या जागेवर गरम शेक नको, औषध जास्त आत जातं. माटोळीताई, पाचव्या वर्षीची कोलोनोस्कोपी डॉक्टरांनी दिलीय ती लिहून ठेवा. अमेरिकेत २०२० पासून एक-दोन छोट्या अ‍ॅडेनोमांना सात ते दहा वर्षं सांगतात, पण तुमच्या डॉक्टरांना आतडं किती स्वच्छ दिसलं यावरही ते ठरतं. त्यांचंच ऐका.

अंत्रुजी | २० जुलै, सकाळी ७.१५

ते आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात म्हणे. त्यावर कोणी लिहील का?

काजूबोंडू | २० जुलै, सकाळी ७.२२

अंत्रुजी, नवा धागा काढा. मी पहिला प्रतिसाद राखून ठेवलाय.